वाकळीवरचे बिऱ्हाड

शिराळ्याचे नाव उच्चारले की बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे फणा काढलेला नाग उभा राहतो. ते स्वाभाविकच आहे. नागपंचमीमुळे बत्तीस शिराळ्याची कीर्ती देशाबाहेर पोहोचली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आदेश यांमुळे जिवंत नागांच्या मिरवणुकीची जुनी रीत थांबली, तरी गावाची ओळख तीच राहिली. परंतु नाग हा एका सणाचा पाहुणा. वर्षाचे उरलेले दिवस येथील घराघरांत ज्या प्राण्याचा वावर असतो, त्याची मिरवणूक कधी कोणी काढली नाही. तो प्राणी म्हणजे मांजर. आज मला मांजराविषयी बोलावयाचे आहे. आणि तेही एका विशिष्ट जागी बसलेल्या मांजराविषयी. ती जागा म्हणजे शिवायला घेतलेली वाकळ.

शहरात वाढलेल्या श्रोत्यांसाठी थोडा खुलासा करतो. पुण्या-मुंबईकडे जिला गोधडी म्हणतात, तिलाच आमच्या सातारा, सांगली, कोल्हापूर या मुलखात वाकळ हे नाव आहे. जुनेर झालेले सुती लुगडे सोप्यात अंथरावयाचे, त्यावर धोतराचे, सदऱ्याचे, फाटक्या चादरीचे तुकडे थरावर थर मांडावयाचे, वरून दुसरे लुगडे पसरावयाचे आणि काही सरकू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवावयाचे. मग मोठी सुई घेऊन कडेकडेने धावदोरा घालीत जावयाचे. एक फेरा पुरा झाला की त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, त्याच्या आत तिसरा, असे करीत शिवणाऱ्या बायका हळूहळू मध्याकडे सरकतात. काम मोठ्या चिकाटीचे. सुगी उरकल्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत दुपारच्या वेळी ते चालते. तालुक्याचा पश्चिम भाग चांदोलीच्या रानाला भिडलेला. तिकडे पावसाळ्यात ओल भिंतींतून आत येते आणि जाड वाकळीवाचून रात्र निभत नाही.

या वस्त्राचे कुळ मोठे आहे. बंगालची कांथा ही हिचीच बहीण. बेळगावच्या खाली, कारवार जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दी लोकांच्या बायका अशाच गोधड्या शिवतात, आणि तिच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची फुले लावल्याशिवाय गोधडी पुरी झाली असे समजत नाहीत. नाथपंथी जोग्यांच्या अंगावरील कंथा हाही ठिगळांचाच प्रकार. आणि शिराळा तर गोरक्षनाथांचे स्थान म्हणून प्रसिद्ध. असो. आपण मांजराकडे वळू.

लुगडे अंथरून दगड ठेवून होतात न होतात, तोच घरातील मांजर कोठून तरी येते, थरांचा वास घेते, आणि बरोबर मध्यभागी जाऊन अंगाचे वेटोळे करते. नवी सून असली तर म्हणते, “आत्याबाई, हाकलू का हिला?” आणि सासू सुईत दोरा ओवता ओवता म्हणते, “असू दे गं, आपण अजून काठाला आहोत.” या उत्तरात प्रेम आहे तसा हिशेबही आहे. टाके काठाकडून आत जाणार. तेव्हा मधली जागा सर्वांत शेवटी लागणार. मांजराने निवडलेली जागा कामाच्या दृष्टीने सर्वांत कमी अडचणीची असते. हे मांजराला कळते असे मी म्हणणार नाही. पण सोय दोघांचीही होते खरी.

मांजर तेथेच का बसते, याची कारणे शोधू लागले की मौज वाटते. पहिले कारण ऊब. मांजराच्या अंगाची उष्णता ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. अंगची शक्ती खर्च न करता ती टिकवावयाची तर भोवतालची हवा ३० अंशांच्या वर असावी लागते. आपल्याला जी हवा सुखाची वाटते, ती मांजराला थोडी गारच वाटते. याचे मूळ त्याच्या कुळात आहे. पाळीव मांजर हे आफ्रिका व पश्चिम आशिया येथील कोरड्या प्रदेशातल्या रानमांजरापासून आले, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने निश्चित झाले. त्याआधी २००४ साली सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचे एक दफन उजेडात आले होते, आणि त्यात माणसाच्या शेजारीच मांजराचा सांगाडा होता. माणसाने धान्य साठविले, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांमागून मांजर आले, असा हा संबंध आहे. वाळवंटातून आलेल्या या पाहुण्याला सुती थरांत कोंडलेली हवा म्हणजे तापल्या वाळूचाच अनुभव.

दुसरे कारण वासाचे. वाकळीत घरातील प्रत्येक माणसाचे जुने कपडे असतात. आजोबांचे धोतर, मुलाचा शाळेचा सदरा, लेकीचा परकर. कितीही धुतले तरी मांजराच्या नाकाला त्यांतून आपल्या माणसांचा वास येतोच. मांजराच्या गालांत व हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात. ते वाकळीला गाल घासते, तेव्हा त्या वासांत स्वतःचा वास मिसळीत असते. पुढचे पंजे आळीपाळीने दाबून ते जणू कणीक तिंबते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. दूध पिताना पिलू आईच्या पोटाला असेच दाबते. थोराड बोकासुद्धा मऊ लुगड्यावर आला की क्षणभर पिलू होतो.

बायकांच्या बाजूने पाहिले तर या सोबतीचा लाभ उघड आहे. चार-पाच तास मान खाली घालून बसावयाचे, घरात दुपारचे कोणी नाही, अशा वेळी जवळ घुरघुरणारा एक जीव असणे काही थोडे नव्हे. शिवाय दांडीवर टाकलेल्या वाकळीचा मुख्य शत्रू उंदीर. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात आणि ते झिजविण्यासाठी त्याला काही ना काही कुरतडावेच लागते. मऊ चिंध्या तर त्याला घरटे करावयालाही हव्या असतात. चार महिन्यांचे शिवणकाम तो चार रात्रींत उसवतो. भाताच्या कणग्या असलेल्या घरात मांजर ठेवणे ही म्हणूनच चैन नव्हे. शिराळ्यात उंदरांचा बंदोबस्त रानात नाग करतो आणि घरात मांजर, इतकी ही साधी वाटणी आहे.

परंतु या सोबतीत एक मोठा धोका लपलेला आहे, आणि त्याची कल्पना पुष्कळ सुशिक्षित घरांतही नसते. तो धोका म्हणजे दोरा. हलणारे दोऱ्याचे टोक मांजराला उंदराच्या शेपटीसारखे वाटते. ते झडप घालते, चावते. आणि येथेच घात होतो. मांजराची जीभ हाताला कानशीसारखी लागते, कारण तिच्यावर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. जिभेवर आलेला दोरा त्यामुळे बाहेर टाकता येत नाही, आतच जातो. त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकले आणि दुसरे आतड्यात उतरले, म्हणजे आतडे तो पुढे ढकलण्यासाठी आकसू लागते व नाडी ओवलेल्या नेफ्यासारखे चुण्या पडून गोळा होते. ताणलेला दोरा मग आतड्याला आतून कापतो. दोऱ्याबरोबर सुई असेल तर बोलावयासच नको. मांजर खाणे टाकते, पुन्हा पुन्हा ओकते, कोपऱ्यात जाऊन बसते. दोन-तीन दिवसांनी घरची माणसे म्हणतात, काही विषारी खाल्ले असावे. खरे म्हणजे आपल्याच वाकळीचा हातभर दोरा पोटात असतो.

अशा वेळी तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबणारे दोऱ्याचे टोक दिसले तर ते कदापि ओढू नये. ओढल्याने आत अडकलेला दोरा आतडे फाडतो. जनावरांच्या डॉक्टरांकडे तत्काळ न्यावे. बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते, आणि ती वेळेवर झाली तर मांजर वाचते. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे १९८८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तालुक्यांच्या ठिकाणी सरकारी दवाखाने आहेत. पण याहून सोपा उपाय घरातच आहे. काम थांबविताना सुया मोजाव्यात, दोऱ्याचे रीळ झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि तुटलेली टोके केरात न टाकता मुठीत गोळा करून चुलीत टाकावीत. जुन्या बायका सुई हरवली की दिवा लावून सोपा झाडून काढीत. लहान मुलांच्या पायाची काळजी हे त्याचे कारण असे; मांजरालाही त्याचा लाभ होत असे.

आता पिलांकडे येतो. दिवस मोठे होऊ लागले की मांजरी माजावर येतात आणि सुमारे नऊ आठवड्यांनी वितात. आपल्या हवेत पिले वर्षभर होतात. तरी उन्हाळ्यात ती अधिक दिसतात, म्हणजे नेमक्या वाकळी शिवण्याच्या दिवसांत. मांजर पिलांना सात घरे फिरविते असे आपण म्हणतो. सात हा आकडा कोणी मोजला नसेल, परंतु जागा बदलण्याची गोष्ट खरी आहे. वास पसरला, माणसांची वर्दळ वाढली, बोक्याची चाहूल लागली, की भाटी एकेका पिलाची मानगूट धरून त्यांना नव्या जागी नेते. या फेऱ्यांत तीन पिले माळ्यावर पोहोचतात आणि चौथे अर्ध्या तासासाठी एकटे ओरडत राहते. ते पाहून आपण कळवळतो व उचलून आणतो. वस्तुतः ते अनाथ नसते. आई परत येईपर्यंत तेथे ठेवलेले असते. पिलू सुरक्षित जागी असेल, अंगाने गरम व पोटाने भरलेले असेल, तर लांब उभे राहून काही तास वाट पाहावी. आईइतके चांगले संगोपन आपल्याच्याने होत नाही.

आमच्या भागात दुसरीही एक चूक संभवते. ऊसतोडीच्या हंगामात फडात पिले सापडतात. ती घरच्या मांजराची असतीलच असे नाही. रानमांजर, ज्याला बाऊल म्हणतात, आणि वाघाटी ही दोन्ही उसात वितात. वाघाटी तर जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पुरी वाढली तरी वजनाने दीड किलोच्या आत-बाहेरच. तिचे पिलू म्हणजे मुठीत मावणारा ठिपक्यांचा गोळा. बिबट्याची पिलेही उसात सापडतात हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यास सांगावयास नको. वाघाची मावशी म्हणून जिला आपण घरात आणतो, ती निराळी; ही मंडळी निराळी. कायद्याने ती संरक्षित आहेत, ती पाळता येत नाहीत. अंगावर ठिपके दिसले, किंवा फडात पिलू सापडले, तर त्याला हात न लावता वनखात्याला कळवावे. रात्री आई शोधीत येते आणि पुष्कळदा पिलांना घेऊन जाते.

मग खरी बेघर पिले कोणती? तर माणसांनी बेघर केलेली. येथे मला थोडे कठोर बोलावेसे वाटते. मांजर मारणे हे महापातक, त्याच्या प्रायश्चित्तासाठी सोन्याचे मांजर दान द्यावे लागते, अशी आपली समजूत. त्या भीतीने पिलांना कोणी मारीत नाही. पोत्यात घालून नदीपलीकडे, बाजारात किंवा देवळाच्या आवारात सोडून येतात. हाताला रक्त लागले नाही म्हणजे पाप लागले नाही, असा हा हिशेब. डोळे न उघडलेले पिलू देवळाच्या पायरीवर ठेवले तर देव त्याला दूध पाजीत नाही. उपासमारीने त्याला यातना होतील अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही अशा लोकांस ठाऊक नसते.

असे पिलू घरी आले तर प्रथम काय करावे? नव्वद टक्के घरांत वाटीभर दूध पुढे ठेवतात. चूक होते ती येथेच. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिलाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, आणि अंग गार पडलेले असताना पोटात गेलेले दूध पचत नाही. आधी ऊब, मग अन्न. जुन्या वाकळीचा तुकडा खोक्यात अंथरावा, बाटलीत कोमट पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवावी, आणि अधिक गरम वाटल्यास पिलाला दूर सरकता येईल इतकी जागा मोकळी सोडावी. पहिल्या आठवड्यात भोवतालची हवा ३० अंशांच्या आसपास असावी. चिंध्यांचे थर येथे कोणत्याही विकतच्या गादीपेक्षा चांगले काम देतात. मात्र सुटे दोरे आधी कापून टाकावेत.

गाईचे दूध मांजराच्या पिलाला मानवत नाही. त्यातील साखर पचत नसल्याने पिलाला हगवण लागते. शिवाय मांजरीच्या दुधात प्रथिनांचे प्रमाण गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असते. पशुवैद्यांकडे पिलांसाठी दुधाची भुकटी मिळते. ती कोमट पाण्यात कालवून, पिलाला पोटावर बसते ठेवून, लहान बाटलीने पाजावी. तान्ह्या मुलासारखे उताणे धरून पाजले तर दूध फुप्फुसात जाते व पिलू दगावते. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पोटाखाली हळूच पुसावे. आई जिभेने चाटून जे करते तेच आपण कापसाने करतो, कारण त्यावाचून या वयात मलमूत्र सुटत नाही. डोळे आठवड्या-दीड आठवड्यात उघडतात. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत माणसाच्या हाताची सवय लागली तर मांजर जन्मभर माणसाळलेले राहते. वाकळ शिवणाऱ्या बायकांच्या मांडीशी वाढलेले पिलू इतके निर्भय का होते, याचे उत्तर येथे आहे.

चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न सुरू करावे. आपल्या शाकाहारी घरांतून दूध-पोळीवर मांजर वाढविण्याचा प्रयत्न होतो, तो सद्हेतूने केला तरी मांजरावर अन्याय आहे. टॉरीन नावाचे एक द्रव्य मांजराला मांस-मासळीतूनच मिळवावे लागते. ते न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा झिजून अंधत्व येते, हे १९७५ साली, आणि हृदय दुबळे होते, हे १९८७ साली सिद्ध झाले. ज्यांच्या घरी मांस शिजत नाही त्यांनी मांजरासाठीचे तयार खाद्य आणावे. कांदा-लसूण घातलेली आमटी देऊ नये. त्याने मांजराचे रक्त बिघडते. तापावर आपण घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी तर त्याला साक्षात विष आहे.

कृमीचे औषध, सहा ते आठ आठवड्यांपासून लसी, तिसऱ्या महिन्यात पिसाळरोगाची लस, हे पशुवैद्य सांगतील तसे करावे. अनोळखी मांजराने ओरखडले किंवा चावले तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन दवाखाना गाठावा. यात संकोच नको. आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया करून घ्यावी. मांजरी त्याच वयात वयात येते आणि वर्षातून दोन-तीन वेळा विऊ शकते. एका पिलाला घर देऊन त्याच्या दहा पिलांना पोत्यात भरण्याची पाळी आणणे, याला भूतदया म्हणता येत नाही.

आजारी जनावराला दवाखाना असावा ही कल्पना आपल्याकडे काही आजची नव्हे. मुंबईत १८७४ साली प्राणिक्लेश प्रतिबंधक मंडळी स्थापन झाली व १८८३ साली परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय निघाले. दिनशा माणकजी पेटिट हे कापडगिरण्यांचे मालक, ही गोष्ट आजच्या विषयाच्या संदर्भात मला उगीचच गोड वाटते. इंग्लंड-अमेरिकेत गोधड्या शिवणाऱ्या बायकांची मंडळे आहेत. त्या उरलेल्या चिंध्या पिशव्यांत भरून आश्रयगृहांतील कुत्र्या-मांजरांसाठी लहान गाद्या शिवून देतात. आपल्या बायकांना हे शिकविण्याची गरज नाही, फक्त कापलेल्या काठांचे तुकडे फेकून न देता एक हातभर चौकोन शिवून ठेवावा, इतकेच.

बंगालमध्ये षष्ठीदेवीचे वाहन मांजर मानतात. तीच आपली सटवाई. बाळाच्या जन्मानंतर कपाळी लेख लिहावयास येणारी. बाळाला पहिले पांघरूण घालतात ते आजीच्या जुन्या लुगड्याच्या दुपट्याचे. तान्हे मूल, जुने कापड आणि मांजर ही तिन्ही त्या एका देवतेच्या अंगणात एकत्र यावीत, याचे मला नवल वाटत नाही.

राहता राहिली एक लहानशी सूचना. घटस्थापनेच्या आधी घरातील सगळे अंथरूण-पांघरूण मोरणेच्या काठी नेऊन धुण्याची आमच्याकडे चाल आहे. वाळलेली वाकळ घरी आली की मांजर ती हुंगते आणि दोन दिवस तिच्यावर बसत नाही. ओरडत घरभर हिंडते. त्याच्या लेखी ती वाकळ परकी झालेली असते. नुकत्याच आणलेल्या पिलाला तर यामुळे घर बदलल्यासारखेच वाटते. म्हणून सर्व वाकळी धुवाव्यात, पण त्याच्या खोक्यातला हातभर तुकडा तेवढा त्या दिवशी वगळावा व पुढच्या आठवड्यात निराळा धुवावा.